वाचता येईल असा कागद

मांद्रेकर डॉक्टर हयात होते तोवर त्यांच्याविषयी कोणी धड बोललं नाही, आणि गेल्यावर शोकसभेत मात्र सगळ्यांना कंठ फुटला. मी मागच्या बाकावर बसले होते. एकाने त्यांना देवमाणूस म्हटलं तेव्हा मी उठून बाहेर आले. देवमाणूस वगैरे ते नव्हते. ते तिरसट होते, हट्टी होते, आपलंच खरं करणारे होते, आणि त्यांच्या हातून एक फार मोठी चूक झाली होती. ती मला ठाऊक आहे, कारण तिच्यात माझाही वाटा आहे.

डिचोलीपासून जवळच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी प्रयोगशाळेत होते. रक्त, लघवी, थुंकी बघायची आणि आकडे लिहून द्यायचे, हे माझं काम. केंद्राचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं नोकरी करतात. डॉक्टर वाळपईहून बदलून आले. तिथे त्यांचं वरिष्ठांशी बिनसलं होतं, अशी त्यांच्या आधी त्यांची कीर्तीच आली. मूळचे पेडण्याचे. बुटके, जाड भिवयांचे, बुशशर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. रोज दहा वाजता पोदेर, म्हणजे पाववाला, येई. त्याच्याकडून एक उंडो घेऊन ते तो पाव चहात बुडवून उभ्याउभ्याच खात. त्या पाच मिनिटांत कोणी रोगी आत आला तर तो कितीही कण्हत असला तरी त्याला दाराबाहेर थांबावं लागे.

कातडीच्या रोगांचं त्यांना वेड होतं, आणि त्यातही डोक्याच्या. केस जाऊन डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की आपल्याकडे लोक किडा लागला म्हणतात. कोणी लसूण चोळतं, कोणी त्याहून भयंकर काही लावतं. डॉक्टर येण्याआधी असा रोगी आला की त्याचे चार केस उपटून माझ्याकडे पाठवत. मी ते पोटॅशच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधत बसे. मोठ्या इस्पितळात तर कातडीचा तुकडाच काढून घेत. डॉक्टरांना हे दोन्ही मान्य नव्हतं. म्हापशाच्या एका घड्याळजीकडून त्यांनी त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं होतं. चट्ट्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडायचा, त्यावर काचपट्टी हलकेच टेकवायची म्हणजे कातडी चकाकत नाही, बाजूने बॅटरीचा उजेड धरायचा, आणि भिंग डोळ्याला लावून बघत बसायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. हे त्यांनी कुठल्यातरी परदेशी मासिकात वाचून स्वतःच बसवलं होतं. "सुरी नाका, सुई नाका. पयलीं पळय," आधी नुसतं बघ, असं ते म्हणत आणि मला सांगत, "बाय, तुजें यंत्र आज न्हिदूं दी."

माझं यंत्र निजवल्याचा मला राग होता. नंतर एकदा त्यांनी मला खुर्चीत बसवून बघायला लावलं. एका मुलाचं डोकं होतं. साध्या डोळ्यांना जिथे नुसता गुळगुळीत चट्टा होता, तिथे काचेखाली आखूड केस उभे होते, टोकाला जाड आणि मुळाशी बारीक होत गेलेले. ही चाई, ते म्हणाले. बुरशी असती तर तुटके केस वाकडे होऊन बसले असते. आणि कोणी ओढून तुटले असते तर एकाची उंची दुसऱ्याला जुळली नसती, मधूनमधून रक्ताचा ठिपकाही दिसला असता. असं ते एकेक दाखवत गेले तेव्हा त्यांचा तिरसटपणा कुठल्याकुठे गेला होता. मला ते तेव्हा आवडले, हे कबूल करते.

कोरगावचा एक बागायतदार आला होता. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने चट्ट्यावर काजूच्या टरफलांचं तेल चोळलं होतं. अर्धं डोकं भाजून फोड आले होते. डॉक्टरांनी फोड धुतले, मलम लावलं, आणि शांतपणे विचारलं, तेल कोणी लावायला सांगितलं. शेजाऱ्याने, तो म्हणाला. तर त्यालाही इथे घेऊन ये, उरलेलं तेल त्याच्या डोक्याला लावू, डॉक्टर म्हणाले. माणूस हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खरोखर शेजाऱ्याचं नाव विचारून वहीत टिपून ठेवलं.

पण त्यांची खरी ख्याती झाली ती त्यांच्या कागदामुळे. इतर डॉक्टर इंग्रजीत असं खरडत की औषधवाल्याखेरीज कोणाला कळू नये. हे प्रत्येक रोग्याला मराठीत, शाळामास्तराच्या अक्षरात, पूर्ण वाक्यं लिहून देत. रोग ज्याचा, त्याला तो वाचता आला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. एका खाणीवरच्या फिटरच्या डोक्यावर आणि भिवईवर चट्टे पडले, तर बरोबरीच्या माणसांनी महारोग म्हणून त्याचं ताट वेगळं केलं. मुकादमाने त्याला घरी पाठवलं. डॉक्टरांनी अर्धा तास त्याचं डोकं बघितलं आणि लिहून दिलं: "ही चाई आहे. महारोग नाही. ही कोणाकडून कोणाला होत नाही. याच्याबरोबर एका ताटात जेवलं तरी चालेल." खाली सही, शिक्का. फिटरने तो कागद खाणीच्या कँटीनच्या दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट पुन्हा सगळ्यांत आलं. आठ दिवसांनी तो काजूची एक पिशवी घेऊन आला. डॉक्टरांनी ती परत केली आणि मग दिवसभर उगाचच खुशीत होते.

तेव्हा राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलेलं होतं. घटकराज्य व्हायचं होतं, त्याच्या आधीची ही गोष्ट. रस्त्यावर झाडं आडवी पडत, बसगाड्या बंद होत, आणि कोण कुठल्या बाजूचा हे त्याच्या पेनातून काय उतरतं त्यावरून ठरे. काही तरुण येऊन डॉक्टरांना विचारून गेले की रोग्यांशी कोंकणीत बोलता तर लिहिता मराठीत का. दुसऱ्या बाजूचे येऊन त्यांना हार घालू लागले. त्यांनी दोघांनाही बाहेर काढलं. आपल्या आईने आपल्याला कोंकणीत शिव्या दिल्या आणि मराठीत अक्षरं शिकवली, यात भांडायचं काय आहे, असं ते मला म्हणाले. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की कागद घरी गेल्यावर घरच्यांनी तो वाचावा.

मंजुळाच्या घरच्यांनी तो वाचला.

ती कोरगावची मुलगी, लग्न होऊन आमच्या बाजूला आलेली. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. वय तेवीस, कडेवर वर्षा नावाची दोन वर्षांची मुलगी. केस लांबसडक, त्यात अबोलीची फाती, गुंफलेला गजरा. फाती काढली की मागे डावीकडे तळहाताएवढं डोकं उघडं. बरोबर सासू होती. तीच बोलत होती. घरात शुभकार्य आहे, असल्या डोक्याने ही चार लोकांत कशी उभी राहणार, हा तिचा प्रश्न होता.

मी तेव्हा ओसरीतून नमुन्याच्या बाटल्या घेऊन जात होते. डॉक्टरांनी हाक मारली तेव्हा मंजुळा मुलीला सावरत बाकावरून उठत होती. उशीर होतोय असं वाटून सासूने तिला उठवलं. दंडाला धरून नव्हे, अंबाडा मुठीत धरून, बादली उचलावी तशी. आणि मंजुळा उठली. तिने ना मान वळवली ना तोंड वाकडं केलं. रोजचंच असल्यासारखं तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत गेली. मी हे पाहिलं. बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत गेले. सकाळीच डॉक्टर माझ्यावर डाफरले होते की तू तुझ्या काचा बघ, रोगी मी बघतो. मग बघा म्हटलं. असल्या क्षुल्लक रागापायी माणूस काय करून बसतो ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे कळलं.

डॉक्टरांनी बराच वेळ भिंग लावलं. मला हाक मारून दाखवलंही. एक केस इथे तुटलेला, दुसरा तिथे, तिसरा मुळाशी, मध्ये रक्ताचे बारीक ठिपके. चाई नाही, बुरशी नाही, ओढलेले केस. त्यांचा चेहरा फुलला होता. स्वतःचे केस स्वतः उपटायचा एक मनाचा आजार असतो, त्याविषयी त्यांनी वाचलं होतं, पण उभ्या नोकरीत एकही रोगी पाहिला नव्हता. पुस्तकातला रोग समोर आल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. त्यांनी मंजुळाला विचारलं, "तूंच ओडटा मगो?" मंजुळाने मान हलवली. हो अशी. त्यांनी कागद ओढला आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: "केस ओढून तुटले आहेत. रोगी स्वतःचे केस स्वतः उपटते. हा मनाचा आजार आहे. घरच्यांनी रागावू नये, समजून घ्यावे." सही, शिक्का.

सासूने कागद दोनदा वाचला. चौथीपर्यंत शिकलेली होती. घडी घालून तिने तो चोळीत ठेवला आणि डॉक्टरांना वाकून नमस्कार केला.

तीन महिन्यांनी मंजुळाचा भाऊ केंद्रात आला. शांत माणूस, शेतीवाडी करणारा. बहिणीला सासरच्यांनी पिशी म्हणून माहेरी आणून सोडलं होतं. वेडी, स्वतःचे केस उपटते, मुलीलाही काही करील, असं गावभर सांगून झालं होतं, आणि विचारणाऱ्याला कागद दाखवत होते. शेवटच्या ओळीवर, समजून घ्यावे म्हटलं होतं तिथे, घडी पडली होती. मूल त्यांनी ठेवून घेतलं होतं. वकिलाकडे कागद गेला होता. भावाने डॉक्टरांना दोष दिला नाही. एवढंच म्हणाला की ती आमच्याकडे आहे, एकदा येऊन बघा.

पुढच्याच रविवारी डॉक्टर कोरगावला गेले. बाईमाणसाला तपासायचं म्हणून मला बरोबर घेतलं. भावाच्या अंगणात, काजूच्या सावलीत मंजुळाला पाटावर बसवून त्यांनी तेल सोडलं, काच टेकवली, भिंग लावलं. मीही बघितलं. चट्टा भरून आला होता. बोटाच्या पेराहून लांब केस, सगळे सारखे, एकही तुटका नाही. हिने कधी डोक्याला हात लावलेला आम्ही पाहिला नाही, भावजय म्हणाली.

डॉक्टरांनी भिंग काढलं. मग विचारलं की त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तू हो का म्हणालीस.

मंजुळा म्हणाली, "तुमी विचारलें, तेन्ना सासूमांय माज्या फाटल्यान उबी आसली."

सासू पाठीशी उभी होती, हे तिने काही तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगितलं. मग तिने मला विचारलं की तुम्ही त्या बाजूच्या ना, माझी वर्षा दिसते का कधी, तिला रात्री खोकला होतो, तो कमी झाला का. मला ती बाकावरून कशी उठवली गेली ते आठवत होतं. डॉक्टरांना मी ते परतीच्या बसमध्ये सांगितलं. ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुवें पळयलें. हांवें विचारूंक ना." तू पाहिलंस, मी विचारलं नाही, एवढंच, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांनी दुसरा कागद लिहिला. पहिला निष्कर्ष चुकला, केस दुसऱ्याने ओढले होते, रोगी मनाने पूर्ण निरोगी आहे, असा. तो घेऊन ते स्वतः मंजुळाच्या सासरी गेले. तिथे त्यांना चहा दिला. नवऱ्याच्या काकाने दोन्ही कागद शेजारी ठेवून अतिशय नम्रपणे विचारलं की अक्षर एकच, शिक्का एकच, मग आम्ही कुठला खरा धरायचा. कोर्टातही तेच झालं. समोरच्या वकिलाने विचारलं, पहिल्या दिवशी भिंगातून तुम्हाला जे दिसलं ते चुकीचं होतं का. डॉक्टर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. दिसलं ते बरोबर होतं, ते म्हणाले, मला कळलं ते चुकलं. वकिलाने मान डोलावून खाली बसून घेतलं. मी साक्ष दिली, अंबाड्याची. इतके महिने गप्प का होतात, असं मला विचारण्यात आलं. मूल बापाकडे राहिलं.

त्यानंतर डॉक्टर इंग्रजीत लिहू लागले. इतरांसारखंच, कोणाला न कळेल असं. रोगी कागद हातात घेऊन विचारत की दोतोर, काय लिहिलंय, तर औषधवाल्याला विचारा म्हणत. भाषेचा निकाल लागला, घटकराज्य झालं, पेढे वाटले गेले. ज्यांनी त्यांना मराठीसाठी हार घातले होते ते आता रागावले. कोंकणीवाले म्हणाले, हा आता इंग्रजीवाला झाला. कोणाला काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नाही. मला मात्र त्यांचा फार राग येई. चूक कागदाची नव्हती हे मी त्यांना एकदा तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, मग कोणाची होती ते तुला आणि मला ठाऊक आहे, आता आपापलं काम करू.

एक गोष्ट मात्र त्यांनी मागून घेतली. शाळातपासणी. हे काम कोणालाच नको असे, धुळीत फिरून पोरांचे दात, डोळे, खरूज बघत बसायचं. डॉक्टर दर वर्षी स्वतः जात, आणि खाणीच्या बाजूची ती एक प्राथमिक शाळा कधी चुकवत नसत. वर्षा तिथे होती. उंची किती वाढली, वजन किती, खोकला कसा आहे, हे सगळं ते एका कार्डावर लिहून कोरगावला पाठवत. ही पत्रं तेवढी ते मराठीत लिहीत. सासरचे मंजुळाला मुलीला भेटू देत नव्हते, तिला एवढंच मिळत होतं.

मी त्यांना काम करताना शेवटचं पाहिलं ते त्या शाळेत. निवृत्तीला दोनेक महिने उरले होते. व्हरांड्यात खुर्ची टाकलेली, मी बाजूला वजनकाट्यापाशी, समोर तिसरीच्या मुलींची रांग. वर्षाची पाळी आली. आठ वर्षांची, आईसारखे लांब केस, दोन घट्ट वेण्या. दात बघितले, छाती तपासली, मग डॉक्टरांनी उवा बघाव्यात तशी डावी वेणी उचलली, तर खाली चट्टा. त्यांनी खिशातून भिंग काढलं. वेणी सोडली. तेल नव्हतं, काच नव्हती. पाणी लावून नुसतंच बघितलं. फार वेळ लागला नाही.

या वेळी त्यांनी मागे पाहिलं, कोण उभं आहे ते. कोणी नव्हतं. मग ते वाकून हळू आवाजात म्हणाले, "केस कोण ओडटा गो?"

"हांवूंच ओडटां," वर्षा म्हणाली.

"कित्याक?"

"आवय कशी. आजी म्हण्टा, दोतोरान बरयलां." आईसारखीच, डॉक्टरांनीच तसं लिहून दिलंय, असं आजी तिला सांगत होती.

डॉक्टरांनी सोडलेली वेणी परत घालायला घेतली. त्यांना ते जमेना. एकटे राहिलेले, कधी कोणाची वेणी घातलेली नव्हती. वर्षाने थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यांच्या हातातून आपले केस काढून घेतले आणि स्वतःच भराभर गुंफले, चट्ट्यावरून एक बट आडवी घेऊन, अशा सफाईने की तिथे काही होतं हे कोणाला कळू नये. रिबनीची गाठ मारली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मला वाटलं डॉक्टर तिला परत बोलावतील. ते खुर्चीतून उठले, मला म्हणाले, "फुडल्यांक तूं पळय, बाय," आणि मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाले. दारापर्यंत गेले आणि आत न जाता तिथेच भिंतीला हात टेकून उभे राहिले. मी पुढच्या मुलीला वजनकाट्यावर चढवलं.